नेव्हिल डिसोझा आणि आघाडीच्या गड्याचें भाग्य



फुटबॉलच्या अकरा गड्यांपैकीं सर्वांत अधिक टाळ्या आणि सर्वांत अधिक शिव्या कोणाच्या वांट्याला येत असतील, तर त्या आघाडीच्या गड्याच्या. बचाव करणाराचें काम सामनाभर चालूं असतें. आघाडीच्या गड्याचें काम एका क्षणांत साधतें किंवा एका क्षणांत बिघडतें. नव्वद मिनिटांच्या खेळांत गोलासमोर चेंडू त्याच्या पायाशीं यावयाचा तो मोजक्या वेळां. तेवढ्यांत त्यानें जें केलें तें त्याचें. बाकीचें त्याचें धांवणें कोणी मोजीत नाहीं. अशा एका गड्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. त्याचें नांव नेव्हिल डिसोझा. कुळानें तो गोमंतकीय, आणि खेळला मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून.

ही हकीकत नीट समजण्यासाठीं चार वर्षें मागें गेलें पाहिजे. १९५२ सालीं हेल्सिंकी येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें आपल्या संघाची गांठ पहिल्याच फेरींत युगोस्लाव्हियाशीं पडली. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळत होते. कलकत्त्याच्या वा मुंबईच्या मैदानावर उघड्या पायानें चेंडू जितका वश होतो तितका बुटानें होत नाहीं, असा त्या काळीं पुष्कळांचा समज होता. फिनलंडच्या थंडींत तो समज टिकला नाहीं. आपण एका गोलाविरुद्ध दहा गोलांनीं हरलों. त्या दहांपैकीं चार गोल एकट्या ब्रान्को झेबेक यानें केले. हा झेबेक झाग्रेबचा, म्हणजे आज ज्याला आपण क्रोएशिया म्हणतों त्या देशाचा. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघानें बूट घालणें सक्तीचें केलें.

पुढचें ऑलिंपिक १९५६ सालीं मेलबोर्न येथें भरलें. संघाला शिकविणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते आणि कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. पहिल्या फेरींत हंगेरीचा संघ न आल्यामुळें आपल्याला पुढें चाल मिळाली, हें सांगणें न्यायाचें होईल. पण १ डिसेंबर रोजीं ऑस्ट्रेलियाशीं जो सामना झाला, त्यांत कोणाची कृपा नव्हती. यजमान संघ स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर खेळत होता. डिसोझानें नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियानें फेड केली. त्यानें तेहेतिसाव्या मिनिटाला दुसरा केला. ऑस्ट्रेलियानें पुन्हां फेड केली. मध्यंतरानंतर पांचच मिनिटांनीं त्यानें तिसरा केला, आणि या वेळीं मात्र फेड झाली नाहीं. किट्टूनें चौथा गोल घालून सामना चार विरुद्ध दोन असा संपविला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा डिसोझा हा पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गांठणारा भारत हा आशियांतला पहिला देश.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला झाला, आणि प्रतिस्पर्धी पुन्हां तोच युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं दहा गोल घातले, त्यांना मध्यंतरापर्यंत एकहि गोल करतां आला नाहीं. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला तो आपला, आणि करणारा डिसोझाच. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर भारत एक गोलानें पुढें होता. ही आघाडी दोन मिनिटें टिकली. चौपन्नाव्या मिनिटाला झ्लात्को पापेक यानें बरोबरी केली. हाहि क्रोएशियाचाच, आघाडीचा गडी. सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच यानें दुसरा गोल घातला, पासष्टाव्याला पुन्हां पापेकनें तिसरा, आणि चौथा तर आपल्याच बाजूनें आपल्यावर झाला. तिसऱ्या जागेच्या सामन्यांत बल्गेरियानें आपल्याला तीन गोलांनीं हरविलें. तरीहि स्पर्धेंत सर्वांत अधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत डिसोझाचें नांव होतें. उरलेले दोघे युगोस्लाव्हिया व बल्गेरिया यांचे.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट अशी, कीं पापेक आणि डिसोझा यांच्यांत त्या दिवशीं कितीसें अंतर होतें? पायांत बूट दोघांच्याहि होते, आणि एकानें एक तर दुसऱ्यानें दोन गोल केले. अंतर होतें तें त्यांच्या पाठीमागें. झाग्रेबला किंवा स्प्लिटला क्लब म्हणजे एक शाळाच असे. दहा-बारा वर्षांचा मुलगा तेथें येई आणि वयाप्रमाणें वरच्या वर्गांत चढे. स्प्लिटचा हायदुक क्लब तर १९११ पासूनचा. आपल्याकडे गडी मैदानावर आपोआप तयार होत, आणि तयार झाल्यावर त्यांना एखादी कंपनी आपल्या संघांत घेई. या पद्धतीला मी नांवें ठेवणार नाहीं; तिनें खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवली. परंतु कंपनीला हवा असतो तयार गडी. त्याच्या मागून येणारे दहा गडी घडविणें हें कोणाचेंच काम नव्हतें.

त्याचा परिणाम उघड आहे. १९६० च्या रोमनंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाहीं. १८९१ पासून मुंबईंत चालत आलेली रोव्हर्स कपाची स्पर्धा चालूं शतकाच्या आरंभीं बंद पडली. महिंद्रांसारख्या नामवंत कंपनीचा संघहि २०१० सालीं मोडला. डिसोझा स्वतः १९८० सालीं वारला, आणि आज त्याचें नांव मुंबईंतल्या किती मुलांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

उलट क्रोएशियाकडे पाहा. १९९१ सालीं स्वतंत्र झालेला हा देश. वस्ती चाळीस लाखांच्या आंत, म्हणजे आपल्या एका मोठ्या शहराहून कमी. १९९८ च्या विश्वचषकांत तो तिसरा आला आणि त्याच्या डावोर शुकरनें सहा गोल करून सर्वांत अधिक गोलांचा मान मिळविला. २०१८ सालीं तो अंतिम सामन्यांत पोंचला. त्या सामन्यांत आघाडीचा गडी मांजुकिच याच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच गोलांत गेला, आणि पुढें त्याच मांजुकिचनें फ्रान्सवर गोल केला. आरंभीं मी ज्या भाग्याविषयीं बोललों, त्याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणार नाहीं. २०१९ पासून पांच वर्षें भारतीय संघाला शिकविण्यासाठीं इगोर श्टिमाच आले, तेहि त्याच देशाचे. पण वरून शिक्षक आणल्यानें खालची शाळा उभी राहत नाहीं.

म्हणून शेवटीं मी तळोज्याकडे वळतों. तळोजें, पेंधर, खारघर हा सारा पट्टा एके काळीं भातशेतीचा होता. कापणी झाली म्हणजे रिकाम्या खाचरांत गांवचीं मुलें खेळत. मैदान कोणाकडे मागावें लागत नसे. मग कारखाने आले, सिडकोच्या इमारती आल्या, २०२३ मध्यें पेंधरपर्यंत मेट्रोहि आली. मैदान मात्र आतां नकाशावर राखून ठेवावें लागतें, आणि राखलें नाहीं तर तें जातें. शेजारीं खारघरला सिडकोनें फुटबॉलसाठीं मोठें केंद्र उभारलें आहे. नेरूळच्या मैदानावर २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. हें चांगलेंच आहे. पण मोठें मैदान हें शिखर आहे. पायथा म्हणजे प्रत्येक वस्तींतली ती लहानशी मोकळी जागा, जेथें दहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळीं चेंडू घेऊन जातां येतें, आणि तेथें आठवड्यांतून तीन दिवस येणारा एक जाणता शिक्षक. कारखानदारांनीं, ग्रामस्थांनीं आणि नव्या इमारतींतल्या रहिवाश्यांनीं मिळून मनावर घेतलें, तर एवढें करणें अवघड नाहीं.

डिसोझानें आपल्याला आघाडी मिळवून दिली होती. आघाडी मिळविणें हें एका गड्याचें काम. ती टिकविणें हें त्याच्या मागें उभ्या असलेल्यांचें. मेलबोर्नला ती दोन मिनिटांत गेली, यांत त्याचा दोष नव्हता. पुढच्या डिसोझाच्या मागें कोण उभें राहणार, हें मात्र आपल्याला आज ठरवावें लागेल.