काळोखांत उजळणारें खोड



पांचगणीच्या डोंगरउतारांवर कारवीचें रान आहे. सात-आठ वर्षें ती मुकाट्यानें वाढते, एकदांच जांभळ्या फुलांनीं डवरते आणि बीं धरून मरून जाते. तिच्याच काठ्यांचे कूड उभारून व त्यांवर शेणमाती लिंपून सह्याद्रींतील कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या पावसाळे काढले. बोटाएवढी काठी इतका भार कशी सोसते? याचें उत्तर ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकांत प्रत्यक्ष पाहतां येतें.

प्रथम छेद घ्यावयाचा. कोवळ्या काडीचा तुकडा गाजराच्या चिरेंत धरावा. नवें पातें पाण्यानें ओलें करून तिरपें ओढीत एका दमांत पातळ चकती कापावी. अशा दहा-वीस चकत्या पाण्यांत सोडाव्या. जी जवळजवळ दिसेनाशी होते तीच उत्तम. ती कुंचल्यानें उचलून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबांत ठेवावी आणि वरची पातळ कांच तिरपी टेकवून हळूच सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहींत. रंग देण्याचें कारण नाहीं.

साधा प्रकाश सर्व दिशांनीं कंप पावतो, ध्रुवित प्रकाश एकाच दिशेनें. १८२८ मध्यें विल्यम निकोल यानें कॅल्साइटच्या स्फटिकापासून असा प्रकाश देणारा लोलक बनविला. आज तें काम प्लास्टिकची पातळ पत्री करते. बिघडलेल्या गणकयंत्राच्या पडद्यांतही ती मिळते. एक पत्री छेदाखालीं ठेवावी, दुसरी डोळ्याजवळच्या भिंगावर. दुसरी फिरवीत पहिलीशीं काटकोनांत आणतांच सारें क्षेत्र काळें होतें. पाणी व कांच त्यांत बुडून जातात; काष्ठाचें वलय मात्र चांदीसारखें उजळतें.

असें कां व्हावें? पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे तंतु शिस्तीनें रचलेले असतात. त्यांत शिरतांच प्रकाशाचे दोन भाग होऊन ते निरनिराळ्या वेगांनीं जातात. पुन्हां एकत्र येतांना त्यांतील कांहीं प्रकाश वरच्या पत्रींतून पार होतो. काचपट्टी एक पूर्ण फेरा फिरविली, तर तीच भिंत चारदां उजळते व चारदां विझते. पिष्टाचा कण असेल तर त्यावर काळी फुली उमटते. कारवीच्या कुळांतील वनस्पतींत चुनखडीचे सूक्ष्म खडे असतात, तेही चकाकतात.

पुस्तकांतील आकृति उतरवून घेणाऱ्या मुलास खोडाचे भाग पाठ होतात. पण काठीचें बळ तिच्या वजनांत नसून रचनेंत आहे, हें त्याला या काळोखांतच उमगतें.

मात्र छेदासाठीं एक काडी पुरे. जी आयुष्यांत एकदांच बीं धरते, ती कारवी फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटूं नये.