वर किती गेले, खाली किती आले?

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कुणी भांडी घासता घासता, कुणी खरंच पळत असेल. आजचा एपिसोड पळण्याबद्दल आहे. पण वजन कसं कमी करायचं आणि कुठले शूज घ्यायचे, यातलं काही मी सांगणार नाही. त्यासाठी रील्स आहेतच.

माझी ओळख थोडक्यात. बीटेक केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग कंपनीने इंग्लंडला पाठवलं. लीड्सच्या जवळ, वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात राहतो. काम बरंचसं घरूनच, त्यामुळे दिवसभर माणसाशी बोलणं म्हणजे स्टँडअप कॉल. म्हणून गावातला रनिंग क्लब जॉइन केला. क्लब म्हणजे काय? मंगळवारी संध्याकाळी भाड्याच्या एका हॉलबाहेर जमणारी तीस-चाळीस माणसं. कुणी प्लंबर, कुणी नर्स, कुणी रिटायर्ड शिक्षिका. वर्षाची वर्गणी द्यायची, क्लबच्या रंगाची बनियन घ्यायची, की झालात मेंबर.

या क्लबचा उन्हाळा तीन प्रकारच्या शर्यतींचा असतो. रोड, रिले आणि फेल. हो, फेल! घरी फोनवर सांगितलं की "उद्या फेल रेस आहे", तर आई म्हणाली, "अरे, असं अभद्र बोलू नये." तर या 'फेल'चा परीक्षेशी संबंध नाही. उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला 'फेल' म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंग लोकांकडून आलेला शब्द आहे तो.

आज मला बोलायचंय ते या तिन्ही शर्यतींमधल्या मोजणीबद्दल. कोण काय मोजतं, आणि त्यातलं आपल्या सह्याद्रीत काय आणता येईल.

रोडपासून सुरू करू. इथे जून महिन्यात सूर्य साडेनऊनंतर मावळतो. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑफिस संपल्यावर सात-सव्वासातला दहा किलोमीटरची शर्यत आरामात होते. नंबरला चिप असते, घरी पोचायच्या आत फोनवर रिझल्ट. मिनिटं, सेकंद, वयोगट, सगळं. रोडवर मोजला जातो तो वेळ. तिथे माझ्या शेजारी कोण पळतंय याने मला फरक पडत नाही. साठी ओलांडलेल्या एक बाई मला दर वेळी शेवटच्या किलोमीटरला मागे टाकतात, तेवढा एक फरक सोडला तर.

मग रिले. आपल्या डोक्यात रिले म्हणजे शाळेच्या मैदानावरची चार बाय शंभर, हातात दांडी. इथली रिले वेगळी. लीड्स शहराभोवती 'लीड्स कंट्री वे' नावाची साधारण ६२ मैलांची, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटरची पायवाट आहे. शेतांमधून, जंगलातून, गावांच्या मागून जाणारी. तिच्यावर उन्हाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, रिले होते. सहा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर दोघांची जोडी. म्हणजे एका टीमला बारा माणसं लागतात. आता चाळीस जणांच्या क्लबमध्ये कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा, कुणाची नाइट ड्युटी. बारा जमवणं म्हणजे आमच्या कॅप्टनसाठी दोन महिन्यांचा प्रोजेक्टच.

जोडीचा नियम सोपा आहे. दोघांनी बरोबर पळायचं, बरोबर पोचायचं. एकटा पुढे गेला तर उपयोग शून्य. माझी जोडीदार होत्या त्या रिटायर्ड शिक्षिका. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण माझ्या डोक्यात त्या काकूच. त्यांनी मला शर्यतीच्या आधी दोन रविवार रेकीला नेलं. कुठल्या फाटकाची कडी अडकते, दगडी कुंपणावरून चढायच्या पायऱ्या कुठे आहेत, कुठल्या शेतात गाई असतात, सगळं त्यांना पाठ. म्हणाल्या, "पाय तुझे, डोकं माझं." शर्यतीच्या दिवशी चढावर मी त्यांच्या वेगाने चाललो आणि वळणावर त्यांनी मला थांबवलं, कारण मी चुकीच्या नव्हे, पण लांबच्या वाटेने निघालो होतो. रिलेत मोजली जाते ती जोडी. जो मागे आहे, त्याचा वेळ हाच दोघांचा वेळ.

आता फेल. इथे गंमत वाढते आणि धोकासुद्धा.

फेल रेसला बहुतेक वेळा रस्ता आखलेला नसतो. डोंगर असतो, चेकपॉइंट असतात, मधली वाट तुमची तुम्ही शोधायची. फेल रनर्स असोसिएशन ही १९७०पासूनची संघटना शर्यतींचे वर्ग ठरवते. 'ए' वर्गात दर किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ हवा. म्हणजे दहा किलोमीटरची शर्यत असेल तर पाचशे मीटर वर. शिवाय पायाखाली दलदल, दगड आणि कमरेएवढं नेचं. एंट्री फी काही पौंडांची असते. मेडल नाही, टी-शर्ट नाही. शेवटी चहा आणि कुणाच्या तरी घरचा केक.

पण सामानाची यादी मात्र कडक. वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, कंपास, शिट्टी, थोडं खाणं. छोट्या शर्यतीत हवा चांगली असेल तर आयोजक यातलं थोडं कमी करतात, पण जे सांगितलंय ते कमरेच्या पिशवीत नसेल तर सुरुवातीलाच घरी पाठवतात. जुलै महिना आहे, ऊन आहे, तरी हातमोजे कशाला? मीही विचारलं होतं. उत्तर मला एका बुधवारी संध्याकाळी मिळालं.

त्या आठवड्यात माझी नडगी दुखत होती, म्हणून मी पळत नव्हतो, फिनिशच्या टेबलावर होतो. काम एकच: जो येईल त्याचा नंबर कागदावर क्रमाने लिहायचा. पेन्सिलने, कारण पावसात पेन चालत नाही. सुरुवातीला ११२ जण मोजून सोडले होते. अर्ध्या तासात वर धुकं उतरलं. माणसं येत गेली, चिखलाने माखलेली, हसत. सगळ्यात मागून चालणारे स्वयंसेवकही खाली आले. मी कागद मोजला. १११.

परत मोजला. १११.

एक नंबर नव्हता. कुणीतरी म्हणालं, गेला असेल घरी. पण त्याची गाडी शेतात उभी होती. आणि फेल रेसचा पहिला नियम असा की मधूनच सोडली तरी फिनिशला येऊन सांगायचं. न सांगता घरी जाणं हे इथे सगळ्यात वाईट मानतात, कारण तुम्ही घरी गरम पाण्याने आंघोळ करत असता आणि रेस्क्यू टीम रात्रभर डोंगरावर तुम्हाला शोधत असते. ते लोकही स्वयंसेवकच, बरं का. सकाळी त्यांनाही ऑफिस असतं.

मग आयोजक बाईंनी जे केलं ते मी इंजिनिअर म्हणून कधी विसरणार नाही. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. त्यांनी प्रत्येक चेकपॉइंटचा कागद मागवला. तिथेही येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर लिहिलेला असतो. दुसऱ्या चेकपॉइंटच्या कागदावर हा नंबर होता. तिसऱ्याच्या नव्हता. म्हणजे अख्खा डोंगर शोधायची गरज उरली नाही. शोधायचा होता फक्त दोन आणि तीनच्या मधला तुकडा. आम्ही लॉग बघून बग कुठल्या दोन ओळींच्या मध्ये आहे ते शोधतो ना, तसंच. फक्त इथे बग नव्हता, कुणाचा तरी मुलगा होता.

चार जण वर गेले. पाऊण तासाने रेडिओवर आवाज आला, सापडला. धुक्यात मेंढ्यांच्या पायवाटेला लागून तो बाजूला उतरला होता आणि घोटा मुरगळला होता. दगडी भिंतीच्या आडोशाला जॅकेट, टोपी, हातमोजे घालून बसला होता आणि शिट्टी वाजवत होता. मिनिटाला सहा वेळा, मग थोडं थांबायचं, मग परत सहा. डोंगरात मदत मागायची ही खूण आहे. फोन होता त्याच्याकडे, पण रेंज नव्हती. तो खाली आला तेव्हा थंडीने दात वाजत होते, पण बोलत होता, चहा पीत होता. मी कागदावर त्याचा नंबर लिहिला. ११२. त्यानंतरच बक्षिसं वाटली. तोपर्यंत पहिला आलेला माणूससुद्धा बाकीच्यांसारखाच थांबून होता.

फेलमध्ये मोजली जातात ती माणसं. वर किती गेले, खाली किती आले. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय शर्यत संपत नाही.

हे या खेळाच्या मुळातच आहे असं मला वाटतं. १९३२ साली केझिकमध्ये गेस्टहाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं २४ तासांत केली. आजही लोक ती 'बॉब ग्रॅहम राउंड' करतात. पण त्या क्लबचं मेंबर व्हायचं तर प्रत्येक शिखरावर तुमच्याबरोबर साक्षीदार हवा. म्हणजे एका माणसाच्या पराक्रमासाठी बरेच जण पाळीपाळीने बरोबर पळतात, पाणी वाहतात, नकाशा धरतात. जॉस नेलर या मेंढपाळाने १९७५मध्ये २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. २०२४मध्ये ते गेले. इथे त्यांचं नाव आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पैलवानाच्या नावासारखं घेतात. आणि त्यांच्या गोष्टी सांगताना लोक पळण्याइतकंच हेही सांगतात की म्हातारपणी ते दुसऱ्यांच्या सोबतीला डोंगरावर यायचे.

आता आपल्याकडे येऊ. इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक, ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. डोंगर आपल्याकडे मोठे, धुकं दाट, पाऊस तर विचारूच नका. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते, सिंहगडावर दर रविवारी पळणारे ग्रुप आहेत, पावसाळ्यात तर प्रत्येक किल्ल्यावर बसच्या बस उतरतात. उत्साहात आपण कुठेच कमी नाही. मोजणी मात्र बऱ्याचदा बसमध्ये होते. डोंगरावर काय झालं ते बसमध्ये परत आल्यावर कळतं, आणि तोवर अंधार पडलेला असतो.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. तुमचा ग्रुप दहा जणांचा असो की शंभरचा, चार गोष्टी करा. एक, निघताना मोजा आणि आकडा कागदावर लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपची मेंबरसंख्या हा आकडा नव्हे. दोन, वाटेत दोन-तीन ठिकाणी ठरवून माणूस बसवा, तो प्रत्येकाचं नाव टिपेल. तीन, ट्रेकवाले ज्याला स्वीप म्हणतात, तो सगळ्यात मागचा माणूस आधीच नक्की करा, आणि त्याच्या मागे कुणीही राहणार नाही हे सगळ्यांना सांगा. चार, मधून परतणाऱ्याने सांगून परतायचं. याला खर्च किती? एक वही, एक पेन्सिल, आणि प्रत्येकी एक शिट्टी.

आणि ज्यांना पळता येत नाही, गुडघा दुखतो, वेळ नाही, त्यांच्यासाठी खास. तुमची गरज सगळ्यात जास्त आहे. टेबलावर बसून नंबर लिहिणारा माणूस मिळाला नाही तर आमच्याकडे शर्यत रद्द होते. पळणारे कमी आले म्हणून रद्द झालेली मी अजून पाहिलेली नाही.

तर या रविवारी कुठे चढणार असाल तर निघताना जरा मोठ्याने आकडे म्हणा. हसतील लोक, हसू देत. खाली आल्यावर परत म्हणा. आकडा जुळला की मग वडापाव.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, पळत राहा.