सुटका कोणाची, कोणासाठी?



आज ‘सुटका’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. सुरुवात मात्र जरा लांबून करते.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ शहरात ‘लॉग केबिन व्हिलेज’ आहे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी बांधलेली ओंडक्यांची घरं जुन्या जागांवरून हलवून तिथे जतन केली आहेत. मी ती पाहून आले. जुन्या पद्धतीचे कपडे घातलेली माणसं सूत कातणं, मेणबत्त्या करणं मुलांना दाखवतात. बायकांची कंबर मोडणारी कामं आता तासाभराची गंमत झालीत! असो.

मी थांबले ती आयझॅक पार्करच्या घरापाशी. दोन खोल्या, मधे छप्पर घातलेली मोकळी जागा. याच घरात त्याच्या पुतणीला, सिंथिया ॲन पार्करला, आणून ठेवलं होतं.

१८३६ साली कोमांची आणि इतर जमातींच्या लोकांनी पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला केला. सिंथियाच्या वडिलांसह पाच पुरुष मारले गेले, आणि नऊएक वर्षांच्या सिंथियाला पळवून नेलं. ती हिंसाच होती, तिला गोंडस रूप द्यायचं कारण नाही. पण पुढची चोवीस वर्षं ती कोमांचींमध्ये जगली. पीटा नोकोनाशी संसार केला, तिला तीन मुलं झाली. १८६० च्या डिसेंबरात टेक्सास रेंजर्सनी त्यांच्या छावणीवर हल्ला केला आणि तिला तान्ह्या मुलीसकट पकडून आणलं. याला नाव मिळालं ‘सुटका’.

ती पुन्हा पुन्हा पळून जायचा प्रयत्न करत होती. १८६१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं तिला पाच वर्षं दरसाल १०० डॉलर आणि जमीन मंजूर केली, आणि सोबत पार्कर घराण्यातले दोन पुरुष पालक म्हणून नेमले. तिशी ओलांडलेल्या, तीन मुलांच्या आईला पालक! पुढे ती मुलगीही आजारपणात गेली. दोन्ही मुलगे तिला परत कधीच दिसले नाहीत. त्यातला क्वाना पुढे कोमांचींचा पुढारी झाला.

हे तिकडचंच आहे असं म्हणून सोडता येत नाही. फाळणीनंतर भारतात १९४९ साली पळवलेल्या व्यक्तींच्या परतीचा कायदा झाला. मुलगा सोळा वर्षांच्या आतला असेल तरच त्यात यायचा, बाई मात्र कुठल्याही वयाची. तिला जायचंय का, हे विचारायची अटच नव्हती. कित्येकींना त्या परतीनं खरंच जीवदान मिळालं. कित्येकींना मुलं मागे टाकून जावं लागलं.

आणि आज? सज्ञान मुलगी आपल्या पसंतीनं लग्न करते, बाप अपहरणाची तक्रार देतो, पोलीस तिला शोधून काढतात. नोंद होते, ‘सुटका करून नातेवाइकांच्या ताब्यात दिले’. ‘ताब्यात’ हा शब्द तर वस्तूचा. मुलीचं म्हणणं त्या कागदावर कुठे लिहायचं? आपल्या केंद्रांच्या नोंदवह्यांत तरी त्यासाठी रकाना आहे का, तो बापाला आत बोलावण्याआधी भरला जातो की नंतर? दुपारच्या गटचर्चेला येताना आपापल्या केंद्राचा कोरा फॉर्म घेऊन या.