डोळ्याचा पडदा: गोळी कुणाला, भाजी कुणाला?

डोळ्याचा पडदा दिवसभर उजेड झेलतो आणि प्राणवायूही भरपूर वापरतो. त्यातून तयार होणारे अस्थिर रेणू पेशींना इजा करतात; त्यांना आवर घालतात ती अँटिऑक्सिडंट द्रव्ये. वयानुसार हा तोल ढळतो आणि पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची, झीज होते. मग सर्वांनीच गोळ्या घ्याव्यात का? पुरावा तसे सांगत नाही. अमेरिकेतल्या एरेड्स चाचणीत २००१ साली क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन व जस्त यांच्या मिश्रणाने आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला, पण तो मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांत. सुरुवातीच्या टप्प्यात फायदा दिसला नाही. शिवाय बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याजागी ल्यूटिन व झिॲक्सँथिन आले.

कुणी म्हणेल, हीच द्रव्ये पालक, मेथीत आणि जळगाव-धुळ्याच्या शिवारातल्या पिवळ्या मक्यात आहेत, मग गोळी कशाला? आक्षेप अर्धाच खरा. चाचणीतले ८० मिलिग्रॅम जस्त ताटातून मिळत नाही. म्हणून मध्यम टप्प्यावरच्या रुग्णाला भाजी पुरत नाही. निरोगी माणसाला मात्र गोळीची गरज सिद्ध झालेली नाही. त्याने तेलाची फोडणी दिलेली पालेभाजी खावी, कारण ल्यूटिन स्निग्धतेसोबत नीट शोषले जाते. आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपान या आजाराचा मोठा, टाळता येणारा धोका आहे. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून थांबू नका. लगेच नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या.