तुटलेल्या बोटाचा हिशेब

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे सुटे भाग बनवणारी प्रेस शॉप्स आहेत. तिथला ऑपरेटर एका पाळीत शेकडो वेळा डायखाली हात नेतो, पत्रा बसवतो, हात मागे घेतो आणि पेडल दाबतो. देखभाल न झालेली जुनी प्रेस कधी तरी डबल मारते, म्हणजे पेडल एकदाच दाबलेले असताना दुसऱ्यांदा खाली येते. त्या क्षणी हात आत असला तर बोट जाते. या अपघाताला किती खर्च आला, असे कारखान्याच्या हिशेबनिसाला विचारले, तर बहुधा काही हजारांचा आकडा पुढे येतो: रुग्णालयात नेणारी गाडी, सुरुवातीची औषधे, घरच्यांच्या हातावर ठेवलेली थोडी रक्कम. हिशेबनीस खोटे सांगत नाही, त्याच्या वहीत खरोखर तेवढेच असते. आज मला या लहान आकड्याबद्दलच बोलायचे आहे. अपघात स्वस्तात झाला म्हणून तो लहान नसतो. उरलेला खर्च कारखान्याच्याच वहीत दुसऱ्या नावाखाली पडलेला असतो, आणि त्याहून मोठा भाग कारखान्याबाहेरच्या कोणी तरी सोसलेला असतो. खरी किंमत काढायची तर या दोन्ही ठिकाणी जावे लागते आणि दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवावे लागतात.

आधी कायद्याचा आकडा पाहू. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने प्रत्येक अवयवामागे कमाईची किती टक्के क्षमता गेली असे धरायचे, याची तालिका घालून दिली. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. पंचवीस वर्षांच्या आणि महिना १५ हजार रुपये पगाराच्या ऑपरेटरची तर्जनी गेली असे समजा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला या वयासाठी ठरवलेल्या २१६.९१ या गुणकाने गुणायचे आणि त्याचे १४ टक्के घ्यायचे. रक्कम येते सुमारे २ लाख ७३ हजार. मालकाला स्वतःच्या खिशातून एवढे द्यावे लागले तर तो आकडा त्याला नक्कीच लक्षात राहील. पण पगार २१ हजारांच्या आत असेल आणि कारखाना राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात तिच्यात असेल, तर ही जबाबदारी विमा महामंडळाकडे जाते. कामगाराला एकरकमी भरपाईऐवजी दरमहा निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते: पगाराच्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १,८९० रुपये. ईएसआयचा लाभ लागू असताना त्याच इजेसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही.

ही योजना कामगाराच्या फार मोठ्या उपयोगाची आहे. ती नसती तर कित्येक घरांना वकिलाच्या पायऱ्या झिजवूनही काही मिळाले नसते, म्हणून तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मात्र तिच्या वर्गणीचा एक परिणाम नीट समजून घ्यायला हवा. २०१९पासून मालकाची वर्गणी पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे, आणि हा दर सगळ्यांना सारखा आहे. ज्या शॉपमध्ये वर्षात पाच बोटे तुटली आणि ज्या शॉपमध्ये एकही तुटले नाही, ते दोघेही तेवढीच टक्केवारी भरतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मोठ्या मालकांचा विमाहप्ता त्यांच्या अपघातांच्या इतिहासाप्रमाणे वरखाली होतो. जर्मनीतल्या उद्योगवार विमासंस्थाही धोका आणि अपघात पाहून वर्गणी ठरवतात. आपल्याकडे तसे होत नसल्यामुळे, ज्याच्या हातात प्रेसला गार्ड लावणे आहे त्याच्यापर्यंत अपघाताची किंमत पोहोचतच नाही. दंडानेही ती फारशी पोहोचवली नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमात सुरक्षेच्या तरतुदी मोडून गंभीर इजा झाली तर दंडाची किमान रक्कम होती ५ हजार रुपये. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या २०२०च्या संहितेत ती २ लाखांवर नेली आहे, आणि ते योग्यच झाले.

मालकाला खर्च दिसत नाही, ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी १९३१च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की विम्यातून भरून निघणाऱ्या एका रुपयामागे चार रुपयांचा खर्च आडून होतो. एकास चार हे गुणोत्तर सुरक्षेच्या वर्गांत आजही फळ्यावर लिहिले जाते. माझ्या मते ते आता पुसायला हवे. हाइनरिख यांनी हे कोणत्या फायलींवरून काढले ते इतरांना तपासता आले नाही, आणि चाळीस लोकांच्या प्रेस शॉपला आणि तेलविहिरीला एकच गुणक लावण्याला काही अर्थ नाही. शिवाय आपल्याकडे ईएसआयमुळे मालकाचा थेट खर्च शून्याजवळ आहे, आणि शून्याला चारने गुणले तरी शून्यच राहते. रोलिन सायमंड्स आणि जॉन ग्रिमाल्डी यांनी १९५०च्या दशकात याहून शहाणी वाट सांगितली. कारखान्याने आपले अपघात चार प्रकारांत वाटावेत: कामाचे दिवस बुडवणारे, डॉक्टरकडे न्यावे लागणारे, प्रथमोपचारावर भागणारे, आणि कोणालाच न लागता फक्त मालाचे किंवा यंत्राचे नुकसान करणारे. मग प्रत्येक प्रकारातल्या थोड्या अपघातांचा विम्याबाहेरचा खर्च स्वतः मोजून सरासरी काढावी. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेने १९९३मध्ये पाच ठिकाणचा असाच मोजून काढलेला खर्च प्रसिद्ध केला. विम्याच्या एका पौंडामागे विम्याबाहेरचा खर्च ८ पासून ३६ पौंडांपर्यंत गेला. एका बांधकामावर ही गळती निविदेच्या किमतीच्या साडेआठ टक्के निघाली, तर एका वाहतूक कंपनीत नफ्याच्या ३७ टक्के. आणि या पाहणीच्या काळात एकही जीवघेणा अपघात झालेला नव्हता. त्यात कोणालाही न लागलेले, निव्वळ नुकसानीचे अपघातही धरले होते, त्यामुळे ८ किंवा ३६ हाही कोणी उचलून आपल्या कारखान्याला लावू नये. त्या पाहणीतून घ्यायचे ते एवढेच, की मोजल्यावर आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो, म्हणून तो ज्याचा त्यानेच मोजायला हवा.

मोजायचे कसे, ते प्रेस शॉपपुरते सांगतो. अपघातानंतर तासभर आजूबाजूच्या प्रेस थांबतात. सुपरवायझर कामगाराबरोबर रुग्णालयात जातो आणि त्याची पाळी कोणीच पाहत नाही. डाय फुटलेला असला तर टूलरूममध्ये जातो. बदली माणूस येतो, त्याचा हात बसेपर्यंत स्क्रॅप वाढतो. राहिलेला माल रात्रपाळीत ओव्हरटाइमवर काढला जातो. तरीही उशीर झाला तर माल रिक्षा-टेम्पोऐवजी खास गाडीने पाठवावा लागतो, आणि गिऱ्हाईक कंपनीची लाइन थांबली तर तिची डेबिट नोट येते. यातला एकही रुपया वहीत अपघात या नावाने लिहिला जात नाही. तो दुरुस्ती, ओव्हरटाइम, वाहतूक आणि स्क्रॅप या खात्यांत वाटला जातो, आणि महिनाअखेर मालक ओव्हरटाइम फार झाला म्हणून सुपरवायझरवर रागावतो. या खर्चाची नोंद त्याच आठवड्यात करावी; पुढे कोणाला काही आठवत नाही. पण नोंद करताना आकडा फुगवूही नये. थांबलेल्या कामगारांचा पगार एकदा धरला आणि त्याच बुडालेल्या मालासाठीचा पूर्ण ओव्हरटाइमही धरला, तर एकच नुकसान दोनदा मोजले जाते. मागणी कमी असताना प्रेस तासभर थांबली आणि माल वेळेत गेला, तर त्या तासाची किंमत जवळजवळ काहीच नाही. फुगवलेला आकडा मालकाने एकदा पकडला की पुढचे खरे आकडेही तो मानत नाही, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याने या बाबतीत कंजूसच असावे.

एवढी काळजी घेऊन कारखान्याचा आकडा काढला, तरी तो खऱ्या किमतीचा लहान हिस्सा असतो. तर्जनी गेलेल्या आपल्या ऑपरेटरकडे परत वळू. तो पुन्हा प्रेसवर उभा राहत नाही, कोणी उभे करत नाही. हेल्पर किंवा वॉचमन म्हणून त्याला ११ हजारांवर काम मिळाले असे धरा. महिना ४ हजार बुडाले, त्यातले १,८९० ईएसआयने भरून दिले, उरले २,११०. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ही तूट ८ लाख ३५ हजारांवर जाते. पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य कमी असते, त्यामुळे हा आकडा थोडा खाली आणावा, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. पण चांगल्या ऑपरेटरचा पगार या तेहेतीस वर्षांत जेवढा वाढला असता तेवढा वॉचमनचा वाढत नाही, आणि ही वाढती तफावत मी धरलेलीच नाही. रुग्णालयात सोबत बसण्यासाठी गावाहून आलेल्या भावाची बुडालेली मजुरी, खोलीच्या भाड्यासाठी काढलेले कर्ज, बायकोने नव्याने धरलेले काम, यांचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. ब्रिटनमध्ये कामावरच्या इजा आणि आजारांचा देशभराचा खर्च दरवर्षी काढतात. क्लेशांचेही पैशातले मूल्य धरून निघणाऱ्या त्या रकमेत निम्म्याहून अधिक भार कामगार आणि त्यांच्या घरांवर पडतो, मालकांवर सुमारे पाचवा हिस्सा. आपल्याकडे ठेकेदारी आणि नोंदणीतली कुचराई पाहता घरांचा हिस्सा याहून कमी असेल, असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगातल्या अशा अपघातांवर सेफ इन इंडिया फाउंडेशन २०१९पासून अहवाल काढते. त्यांत पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट ही, की अनेक जखमींना ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यावर मिळाले.

माणसाच्या बोटाला किंमत लावणेच अमानुष आहे, असा आक्षेप मनापासून घेतला जातो. मला त्याचा आदर वाटतो, पण किंमत आधीच लावलेली आहे. कायद्याने ती १४ टक्के लावली, आणि गार्डचा खर्च टाळणाऱ्याने मनातल्या मनात त्याहून कमी लावली. आपण हिशेब नाकारला तर तो कमी आकडाच चालू राहतो. दुसरे म्हणणे मालकांचे: हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर कामगारानेच बंद केला, मग खर्च आमच्या नावावर का? एक तर निष्काळजीपणा कोणाचा, यावरून खर्चाची रक्कम बदलत नाही. दुसरे, कायदाही नुसत्या निष्काळजीपणावर भरपाई नाकारत नाही. जाणूनबुजून गार्ड काढल्यास काही दाव्यांत मालकाला बचाव मिळतो, पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर तोही मिळत नाही. आणि सेन्सर बंद का होतो, हे पाहिले पाहिजे. तो प्रेसचा वेग कमी करतो आणि तासाचे नग वेगावर ठरलेले असतात. गार्डसकट जेवढे नग निघतात तेवढेच उद्दिष्ट ठेवले, तर तो बंद करण्याचे कारणच उरत नाही.

छोट्या शॉपला हे परवडत नाही, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. एका नगामागे काही पैसे सुटणाऱ्या माणसाला जुनी प्रेस बदला असे सांगणे सोपे आहे. पण दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी व्यवस्था, डायभोवतीचा पक्का गार्ड, हात आत न नेता पत्रा बसवायचा चिमटा, क्लच आणि ब्रेकची ठरलेल्या दिवशी तपासणी, यांना नवी प्रेस घेण्याइतका पैसा लागत नाही. उरलेला भार त्याच्या गिऱ्हाइकाने उचलायला हवा. मोठी वाहन कंपनी पुरवठादाराकडून दहा लाख नगांमागे किती खराब निघाले याचा हिशेब दर महिन्याला मागते. त्याच तक्त्यात तिने एक ओळ वाढवावी: तुमच्या आणि तुमच्या उपपुरवठादारांच्या शॉपमध्ये या महिन्यात किती जणांना इजा झाली, आणि किती प्रेसना गार्ड आहे. दर ठरवताना गार्डसकटचा वेग धरावा. नगाच्या किमतीत आज जी बोटे फुकट धरली जातात, त्यांचा खर्च तिथे दिसला पाहिजे.

कामगारांच्या घरच्यांना दोन गोष्टी सांगतो. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात ईएसआयचा विमाक्रमांक मागून घ्या आणि पगारपत्रकावर वर्गणी कापली जाते की नाही ते पाहा. अपघात झाला तर अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करायला लावा आणि महामंडळाकडे गेलेल्या अपघात अहवालाची प्रत जपून ठेवा, कारण वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवेल तेव्हा या कागदांचा आधार लागतो. आणि ज्या मालकांनी, सुरक्षा अधिकाऱ्यांनी अपघाताच्या खर्चाची वही ठेवायचे मनावर घेतले असेल, त्यांनी प्रत्येक अपघातापुढे शेवटचा एक रकाना वर्षभर मोकळा ठेवावा. वर्ष झाले की त्या माणसाला फोन करून आज तो काय काम करतो आणि किती पगार घेतो हे विचारावे, आणि ते त्यात लिहावे.