नव्या डिस्कचा दाखल क्रमांक



जुने मराठी अंक स्कॅन करून जपायचे, तर आधी जागेचा हिशेब करावा लागतो. ए-४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयने, आकार कमी न करता साठवले तर सुमारे २६ एमबी होते. असे शंभर पानांचे चारशे अंक व्हायच्या आतच एक टीबी भरतो. मग लिनक्सच्या संगणकाला नवी डिस्क जोडावी लागते. त्याविषयी मी चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देतो. ती डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. आज कोऱ्या डिस्कचे असलेले नाव उद्या आपल्या अंकांच्या डिस्कला मिळेल. म्हणून कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी क्षमता, मॉडेल आणि अनुक्रमांक ताडून पाहा, असे मी विद्यार्थ्यांना बजावतो.

दुसरी गोष्ट विभागांची. दोन टीबीहून मोठ्या डिस्कला जुना एमबीआर तक्ता सहसा पुरत नाही, जीपीटी घ्यावा. संग्रहाला एकच विभाग पुरतो. दोन विभाग म्हणजे दोन प्रती नव्हेत. डिस्क बिघडली की दोन्ही जातात.

तिसरी गोष्ट फॉरमॅटची. ईएक्सटी-४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवायचे. लांबलचक शीर्षके देणाऱ्या लेखकांनी हे ध्यानात घ्यावे!

चौथी गोष्ट जोडणीची. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरवर ‘माउंट’ होते. तिची कायमची नोंद ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये करताना ‘एसडीबी’ लिहू नये, यूयूआयडी लिहावा. पुस्तक कपाटात कुठेही हलवले तरी त्याचा दाखल क्रमांक बदलत नाही. यूयूआयडी तसाच आहे. मात्र माउंट झाले नाही, तर फोल्डर रिकामे दिसते आणि नवे स्कॅन गुपचूप जुन्या डिस्कवर साठत राहतात. म्हणून संगणक पुन्हा सुरू करून एकदा खात्री करावी.

शेवटी एक विनंती. डिस्कचा अनुक्रमांक, यूयूआयडी, फोल्डर आणि दुसरी प्रत कुठे आहे, हे वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत मराठीत लिहून ठेवा. आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला अंक सापडले, तरच ते जपले असे म्हणता येईल.