पिलांचा पहिला घांस

एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलांची पुठ्ठ्याची पेटी घरीं येते, झांकण निघतें आणि चिवचिवाट ऐकून घरांतील लहानथोर भोंवतीं जमतात. त्यानंतर जें घडतें तें बहुतेक मराठी घरांत सारखेंच असतें. कोणीतरी स्वयंपाकघरांत जाऊन मूठभर तांदळाची कणी घेऊन येतें. ती जमिनीवर पडतांच पिलें टोंची मारूं लागतात, आणि पाहणारांस त्यांना जेवूं घातल्याचें समाधान मिळतें. पहिला आठवडा बरा जातो. पुढें एखादें पिलूं पंख गाळून कोपऱ्यांत बसतें, दुसऱ्याचे पाय लुळे पडतात. आणि दहांतलीं पांचसहाच उरलीं म्हणजे ‘हवा मानवली नाहीं’ किंवा ‘दृष्ट लागली’ असें म्हणून तो विषय मिटतो. हवेचा दोष कधीं असतोही, दृष्टीचा नसतो. पुष्कळदां दोष त्या कणीचा असतो.

केवळ तांदळावर पोसलेल्या कोंबडीचें काय होतें, याचा पुरावा १८९० च्या सुमारास जावा बेटांत मिळाला, आणि तोही अवचित. ख्रिस्तिआन आयकमान हा डच वैद्य बटाव्हिया येथील लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत बेरीबेरी या रोगाचें कारण शोधीत होता. प्रयोगासाठीं पाळलेल्या त्याच्या कोंबड्यांचे पाय एकाएकीं लुळे पडूं लागले, आणि कांहीं महिन्यांनीं त्या तितक्याच एकाएकीं बऱ्या झाल्या. चौकशी करतां असें दिसलें कीं, त्यांना मध्यंतरीं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतला उरलेला सडीक तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानें लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचें नाकारलें, आणि त्यांना पुन्हां बिनसडी तांदूळ मिळूं लागला. आचाऱ्याच्या त्या कंजूषपणाचे उपकार वैद्यकशास्त्रावर मोठे आहेत. तांदूळ सडतांना जो कोंडा निघून जातो त्याच्याबरोबर कांहींतरी आवश्यक द्रव्य जातें, हें आयकमानचा उत्तराधिकारी ग्रिन्स यानें १९०१ मध्यें स्पष्ट केलें. तेंच पुढें ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणून ओळखलें गेलें. आयकमानला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सडीक तांदळाची कणी म्हणजे तोच बटाव्हियाचा भात, फक्त न शिजविलेला. आणि त्यांत उणीव एका जीवनसत्त्वाची नसते. अंडीं देणाऱ्या जातीचें पिलूं जन्मतः पस्तीस-चाळीस ग्रॅम भरतें आणि सहा आठवड्यांत दसपट होतें. ही वाढ मांसाची, हाडांची व पिसांची. ती प्रथिनांवांचून होत नाहीं. पिलाच्या खाद्यांत प्रथिनें शेंकडा अठरा ते वीस लागतात, आणि तांदळांत तीं सातआठच असतात. ‘ब-२’ कमी पडलें तर पायाचीं बोटें आंत वळतात. ‘ड’ कमी पडलें तर हाडें मऊ राहतात. गळ्याशीं धान्याची थैली टम्म फुगलेली आणि शरीर मात्र उपाशी, अशी ही अवस्था असते. थैली पाहून मालक निश्चिंत राहतो.

याकरितां पहिल्या आठ आठवड्यांसाठीं ‘चिक स्टार्टर’ नांवाचें वेगळें खाद्य मिळतें. पोतें घेतांना त्यावरील चिठ्ठी वाचावी. विक्रेत्यानें ‘सगळ्यांना तेंच चालतें’ असें सांगितलें तरी वाचावी. कारण याहून मोठी चूक कणीची नव्हे, तर मोठ्या कोंबड्यांचें खाद्य पिलांना घालण्याची आहे. घरांत ‘लेअर मॅश’चें पोतें आधींच असतें, म्हणून हें सहज घडतें. अंड्याच्या कवचासाठीं त्या खाद्यांत कॅल्शियम शेंकडा साडेतीन ते चार घातलेलें असतें; पिलाला सुमारें एक पुरतें. उरलेल्याचा भार कोंवळ्या मूत्रपिंडांवर पडतो, तीं निकामी होतात, आणि आंतील अवयवांवर खडूसारखा पांढरा थर सांचून पिलूं मरतें. बाहेरून रोग दिसत नाहीं. उलट, मांसासाठीं वाढविल्या जाणाऱ्या पिलांचें बावीस-तेवीस टक्के प्रथिनांचें खाद्य अंड्यांच्या पिलांना घालण्याची गरज नसते. तो नुसता खर्च.

घरींच मिश्रण करावें असा मोह पुष्कळांस होतो. दोन भाग भरडलेला मका व एक भाग सोयाबीनची पेंड यांत प्रथिनें एकवीसच्या आसपास येतात, येथपर्यंत हिशेब सोपा आहे. पण सोयाबीन कच्चें दळून चालत नाहीं. न भाजलेल्या दाण्यांत प्रथिनांचें पचन रोखणारें द्रव्य असतें. शिवाय क्षार व जीवनसत्त्वें इतकीं सूक्ष्म लागतात कीं, स्वयंपाकघरांतल्या चमच्यानें त्यांचें माप जमत नाहीं. दहा पिलें आठ आठवड्यांत मिळून सतरा-अठरा किलोच खातात. तेवढ्यासाठीं तयार पोतेंच बरें.

मात्र पोतें ताजें असावें. पावसाळ्यांत ओल लागलेला मका किंवा बुरसलेली शेंगदाण्याची पेंड ‘जनावरांना चालेल’ म्हणून खपविली जाते. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्कीचीं पिलें अशाच पेंडीनें दगावलीं. ब्राझीलहून आलेल्या त्या शेंगदाण्याच्या पेंडींत बुरशीनें निर्माण केलेलें विष सांपडलें, तेंच अफ्लाटॉक्सिन. तें शिजवूनही जात नाहीं. वासांत शंका आली तर पेंड टाकून द्यावी.

रक्ती हगवणीला प्रतिबंध करणारें औषध कांहीं स्टार्टरमध्यें मिसळलेलें असतें. जमिनीवर वाढणाऱ्या पिलांना तें उपयोगी पडतें. परंतु त्याच रोगाची लस आधीं टोंचली वा पाजली असेल तर औषधी खाद्य लशीचें काम बिघडवितें. म्हणून पिलें घेतांनाच तें विचारून घ्यावें.

आणि वाट मात्र पाहूं नये. अंड्यांतून निघण्यापूर्वीं पिलूं उरलेला बलक पोटांत ओढून घेतें व त्यावर दोनतीन दिवस निभावतें; म्हणूनच पेट्या दूरच्या गांवीं पोंचतात. घरीं आल्यावर आधीं पाणी, मागोमाग खाद्य. पहिले एकदोन दिवस तें गोणपाटावर पसरावें. गुळगुळीत कागदावर पाय फांकतात. पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअसची ऊब हवी, कारण कुडकुडणारें पिलूं दिव्याखालीं दाटीवाटीनें बसतें आणि खाण्याकडे फिरकत नाहीं.

आठ आठवडे झाले म्हणजे आठवडाभर थोडें थोडें मिसळीत पुढच्या खाद्यावर आणावें. कणीलाही मग मज्जाव नाहीं. संध्याकाळीं मूठभर टाकावी, मात्र जवळ बारीक खडीची ताटली ठेवावी. दांत नसलेल्या प्राण्याचें जातें तेंच.